गुळातली हवा

पहिला फोन आला तो सुकटीबद्दल.

पद्मा चौगुले तेव्हा परसात बसून पातेल्याच्या बुडाला चिकटलेला पाक उचटण्यानं सुटा करत होती. फोनवर पुण्याचे एक सभ्य गृहस्थ होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी पद्मानं केलेला गुळाचा पाटा-वरवंटा विकत घेतला होता आणि दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग नदीचं पाणी विचारलं, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तो पाटा केलात त्या दिवशी तुमच्याकडे सुकट भाजली होती का?"

बारा वर्षांपूर्वीच्या एका दिवशी घरात काय भाजलं हे कुणी लिहून ठेवतं का? भाजली असेल, असं ती म्हणाली. गृहस्थांना फार आनंद झाला. म्हणजे यंत्र बरोबर वाचतंय, म्हणाले. सुकट, त्याआधी ओलं गोणपाट, त्याच्याही आधी वेखंड आणि बहुतेक एक मांजर. सगळं कुटुंब दोन तास त्या वासात बसलं होतं आणि त्यांच्या सासूबाईंना रडू आलं होतं. पद्मानं विचारलं, पाटा कसा आहे? पाटा आता राहिला नव्हता. वाचताना तो संपतोच, हे त्यांनी इतक्या अदबीनं सांगितलं की तिला धड रागावताही येईना.

तर हे यंत्र काय होतं ते आधी सांगायला हवं.

साखरेचा पाक सावकाश निवला की त्यातले कण शिस्तीत रांगा लावतात आणि त्याची खडीसाखर होते. पण पाक कडक आटवून भरकन थंड केला, तर रांग लावायला सवडच मिळत नाही. संगीतखुर्चीतलं गाणं मध्येच बंद पडावं, तसा जो जिथं असेल तिथंच थिजतो. असं जे थिजतं त्याला शास्त्रज्ञ काच म्हणतात. खिडकीची नव्हे, साखरेची. आणि पाक ढवळताना, ओतताना, त्यात भोवतालची हवा ओढली जाते. त्या हवेत जे काही तरंगत असेल, धूर, घाम, फोडणी, कुणाच्या केसांचं तेल, त्याचे कण त्या काचेत अडकून पडतात. पुढं शंभर वर्षं झाली तरी ते हलत नाहीत. अट एकच, पाणी लागता कामा नये. साधा गूळ पावसाळ्यात पाझरतो आणि त्याची सगळी आठवण एका आषाढात पुसून जाते.

पद्माचा गूळ पाझरत नव्हता. ती कुठल्या कलाशाळेत गेली नव्हती. ती गुळव्याची पोरगी. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याच्या नाकाडोळ्यांवर ठरतं तो गुळव्या. तिनं गुळात काम सुरू केलं ते दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. गूळ कडक आटवायचा, पातळ करून थरावर थर ओतायचा, वारा घालून निववायचा, कोरायचा, आणि शेवटी वरून लाखेचा हात द्यायचा, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. हे सगळं तिचं तिनं चुकतमाकत शोधलेलं. मोठ्या शहरातले चित्रकार तिला सुरुवातीला 'गूळवाली' म्हणायचे. मग हळूहळू असल्या आडवाटेच्या वस्तूंचे दिवस आले. कुणी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतून पडदे विणू लागलं, इचलकरंजीचा इब्राहिम मोमीन यंत्रमागाखाली साठणाऱ्या तुसातून माणसं घडवू लागला, आणि गूळवाली पद्माताई झाली.

आता त्या लाखेच्या हातानं घोटाळा केला होता. थरावर थर आणि वरून लाख, म्हणजे जणू दिवसावर दिवस रचून वर झाकण लावलेलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यंत्र तयार झालं. ते प्रकाशाच्या सुरीनं केसाच्या शंभराव्या भागाइतका थर खरवडतं, त्यातून सुटलेले वासाचे कण मोजतं, आणि मग चारशे कुप्यांमधून तोच वास जुळवून एका बंद खोलीत सोडतं. खरवडलेलं मात्र गेलं. शास्त्रज्ञांनी त्याला 'वाचन' म्हटलं. पद्माच्या गावच्या, बोरवाडच्या लोकांनी 'हुंगणी' म्हटलं, आणि तेच नाव टिकलं.

दोन वर्षांत हुंगणीनं लोकांना खुळं केलं. घराघरांतून बाळाच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने निघाले, कुणाचं बाळ आता चाळिशीचं होतं, कुणाचं नव्हतंच. पद्माची शिल्पं लोक शोधत येऊ लागले, पण त्यांच्या आकाराबद्दल आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आत काय आहे, एवढंच. आत तिचं घर होतं. त्रेचाळीस शिल्पं विकली होती तिनं. त्रेचाळीस अनोळखी दिवाणखान्यांत तिचं स्वयंपाकघर जाऊन बसलं होतं. कुणी फोन करून विचारी, तुमच्याकडे त्या सुमाराला कुणी आजारी होतं का, काढ्याचा वास येतोय. वाळत घातलेले आपले कपडे परक्या माणसानं एकेक उचलून बघावेत, तसं तिला होई. इब्राहिम मात्र हिरमुसला होता. त्याच्या तुसात मागाच्या तेलाखेरीज काही सापडेना. "आपलं नशीबच वंगणाचं," तो म्हणाला.

हे सगळं तिनं हसून घालवलं असतं. पण मार्गशीर्षात एका सकाळी धनपाल आला.

धनपाल तिचा थोरला भाऊ. चौसष्ट वर्षांचा, साखर कारखान्याच्या काट्यावरून, म्हणजे उसाच्या गाड्या वजन करण्याच्या कामावरून निवृत्त झालेला. मोजकं बोलणारा माणूस. चार वर्षांपूर्वी त्याची बायको, कांचनवैनी, सकाळी दळण आणायला म्हणून निघाली आणि उंबऱ्यातच बसली ती उठलीच नाही. तेराव्याला जेवणावळ झाली, त्यानंतर धनपालनं तिचं नाव म्हणून काढलं नाही. तिची पातळं बहिणींना वाटली, ट्रंक धुऊन धान्याला घेतली. कुणी विषय काढला तर "गेली ती गेली" म्हणून चपला घालायचा. एकटाच राहायचा, एकटाच भाकरी थापायचा, आणि रोज सकाळी न चुकता आप्पांना उदबत्ती लावायचा.

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, आणि आप्पा म्हणजे पद्माचं पहिलं मोठं शिल्पही. बोरवाडचं शेवटचं गुऱ्हाळ दोन हजार सत्तावीस साली बंद पडलं. त्या हंगामातली शेवटची काहील आप्पांनी उतरवली, तिची एकच मोठी ढेप पद्मानं मागून घेतली. आठव्या दिवशी आप्पा गेले. वर्षभर ती त्या ढेपेसमोर नुसती बसली, आणि मग तिच्यातून तिनं आप्पांना बाहेर काढलं: गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, मान जरा पुढे, वाफेत नाक खुपसल्यासारखी. त्या एका कामानं तिचं नाव झालं. देशोदेशीच्या पुस्तकांत त्याचे फोटो आले, खाली ओळ: 'वडिलांच्या हातच्या शेवटच्या गुळातून'. तिनं ते विकलं मात्र नाही. भावाला दिलं.

धनपाल पाटावर बसला, चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"पदे, त्या हुंगणीचं खरं हाय काय?"

"खरं हाय की."

"मग आप्पास्नी न्यायचं."

पद्मानं त्याला सांगून बघितलं, की दादा, वाचन झालं की मूर्ती राहत नाही. तो म्हणाला, ठाऊक आहे. त्यानं सगळी चौकशी करून ठेवली होती. पुढच्या गुरुवारची वेळसुद्धा घेतली होती. चेहरा काय, फोटोत आहेच, म्हणाला. मग परसातल्या शेवग्याकडे बघत त्यानं आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या शेवटच्या काहिलीच्या दिवशी आप्पांनी त्याला काट्यावर निरोप धाडला होता, येऊन जा, आज रस चांगला पडलाय. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत होती. तो गेला नाही.

"त्या दुपारला मी न्हवतो," तो म्हणाला. "एकडाव जाऊन यायचं हाय."

पद्मा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? भावानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं. आणि ते तिच्याकडे नव्हतं. धनपाल ज्याला उदबत्ती लावत होता, त्यात ती दुपार नव्हती. आप्पांची ढेप चौदा वर्षांपूर्वीच पंचगंगेत वाहून गेली होती.

ते असं झालं. एकतीस साली पूर आला. बोरवाडात प्रत्येक घराच्या भिंतीवर आधीच्या पुरांच्या रेघा असतात, मुलांची उंची मोजावी तशा. पाणी वाढायला लागलं की लोक पंचांग बघत नाहीत, रेघ बघतात. एकोणीस सालची रेघ सगळ्यांत वरची. एकतीसच्या पुरात धनपाल कारखान्यावर अडकलेला होता, साखरेची गोदामं वाचवायला. पद्मा आणि कांचनवैनीनं घरातलं सगळं किडूकमिडूक त्या रेघेच्या एक हात वर माळ्यावर चढवलं, आप्पांना धोतरात गुंडाळून मधोमध बसवलं, आणि शाळेच्या गच्चीवर गेल्या. सगळ्या गावानं हेच केलं. रेघेच्या एक हात वर म्हणजे सुखरूप, हे बोरवाडात शेंबडं पोरही सांगेल. पाणी दीड हात वर आलं.

सहाव्या दिवशी त्या घरी परतल्या. पद्मा चिखलानं बरबटलेल्या शिडीवरून माळ्यावर चढली आणि धोतर सोडलं. आत आप्पा होते, पण नुसतेच वरचे. गूळ एका चिरेतून विरघळून निघून गेला होता आणि लाखेचं पापुद्र्यासारखं कवच उरलं होतं, सापानं टाकलेल्या कातीसारखं, नाक-डोळ्यांसकट. ती ते हातात धरून तशीच बसली. तेवढ्यात खाली वैनीच्या कमरेचा फोन वाजला. धनपाल होता. बायको कशी आहे, घर किती पडलं, काही नाही. पहिला प्रश्न, आप्पा बरे आहेत ना? वैनीनं वर बघितलं. पद्माच्या हातातलं ते कवच तिला दिसलं. क्षणभरही न थांबता ती फोनमध्ये म्हणाली, "बरं हाईत. माळ्यावर हाईत. तुमी जेवलासा का?"

फोन ठेवून तिनं पदर खोचला. "वन्सं," ती म्हणाली, "आता आप्पा करायला पायजेत."

धनपाल यायला तीन-चार दिवस होते. वैनीच्या माहेरी माळरान, तिथं पाणी नव्हतं. ती ट्रॅक्टरवरून गेली आणि तीन ढेपा घेऊन आली. परसात तीन विटा मांडून, ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून दोघींनी जाळ केला. आप्पा एका ढेपेतून कोरलेले होते. आता तशी ढेप पाडायला ना काहील होती ना वेळ. म्हणून थरावर थर ओतायचे. वैनी पळी धरायची, पद्मा फिरवायची, वैनी सुपानं वारा घालायची. दोन दिवस वैनी होती, तिसऱ्या दिवशी तिला कारखान्याच्या छावणीवर भाकऱ्या करायला बोलावलं. तिसऱ्या दिवशी पद्मानं एकटीनं वरचे थर दिले, कवच समोर ठेवून चेहरा कोरला, लाख लावली, आणि ते कवच चुलीत घातलं. धनपाल आला, आप्पांसमोर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. त्यानंतर सांगायचं कसं? दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडे बघायच्या आणि कामाला लागायच्या. पुढं वैनी गेली, आणि पद्मा त्या गुपितासह एकटी उरली.

गुरुवारी भाऊ-बहीण पुण्याला निघाले. आप्पा मागच्या सीटवर, पट्टा लावून. रस्ताभर धनपाल कधी नव्हे ते बोलत होता. गुऱ्हाळाचं. चिपाडाच्या जाळाचं. उसाच्या कांड्यावर गुंडाळून मिळायच्या त्या गरम गुळाचं, ज्यानं दोघांचीही टाळू पोळायची आणि आई दोघांनाही बडवायची. उतरवायची वेळ झाली की आप्पा हात वर करायचे आणि सगळं गुऱ्हाळ गप्प व्हायचं, चिपाडं घालणारासुद्धा थांबायचा. मग ते काहिलीवर वाकून एक लांब श्वास घ्यायचे. "तवा त्येंच्याजवळ उभारलं की कसला वास यायचा, पदे," तो म्हणाला. पद्मा खिडकीबाहेर बघत होती.

प्रयोगशाळेतली बाई तरुण होती, डॉक्टर रुबिना मुजावर, मिरजेची. तिनं धनपालला कागदांवर सह्या करायला बसवलं आणि पद्माला आत नेलं. वाचनाआधी वस्तूची आतून तपासणी करतात. पडद्यावर आप्पांचा उभा छेद दिसत होता, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असलेला.

"मावशी, ढेप एका ओतणीत पडते ना?"

"पडते."

"ह्यात एकशे बारा थर आहेत."

रुबिनानं आवाज खाली घेतला. मी काकांना काही सांगणार नाही, म्हणाली, ते माझं काम नाही. पण यंत्र सुरू झालं की जे आहे ते येणार.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पद्माची नजर त्या चारशे कुप्यांवर गेली. भिंतभर मांडलेल्या, एकेक बोटाएवढ्या. ह्यातून कुठलाही वास जुळवता येत असेल, तर आप्पांचाच का नको? दादा सोडला तर जगात आता तो वास ठाऊक असलेलं माणूस तीच. ही पोरगी आपल्याकडची आहे, हातापाया पडलं तर ऐकेलही. ती मनातल्या मनात सांगायला लागली. चिपाडाचा धूर. उकळता रस. मळी काढायला रसात चेचून घालायची ती भेंडी. ओलं धोतर. आणि आप्पा? तिनं डोळे मिटून बघितलं. गुऱ्हाळ सगळं आलं, चुलवाणाची धग आली, पण मधला माणूस येईना. त्यांच्या मांडीवर बसून मोठी झालेली ती, तिला आपल्या बापाच्या अंगाचा वास आठवत नव्हता. कधी गेला तेही तिला कळलं नव्हतं.

ती बाहेर आली. धनपाल पायऱ्यांवर बसून डबा सोडत होता, कारण आत किती वेळ लागेल कुणास ठाऊक. त्यानं भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती तशीच धरली आणि सांगितलं. पूर, रेघ, माळा, कवच, तीन विटा. सगळं सांगितलं, फक्त 'आम्ही'च्या जागी 'मी' म्हटलं.

धनपालचा घास तोंडात थांबला. मग त्यानं तो सावकाश चावून गिळला.

"म्हंजे चौदा वर्सं."

"व्हय."

"चौदा वर्सं मी उदबत्ती लावतोय. कुणाला?"

समोरून कॉलेजची मुलं हसत गेली. धनपालनं चटणीवरचा एक तीळ बोटानं टिपला, परत ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आप्पा दोनदा गेले मग. आन् दुसऱ्यांदा बी मी काट्यावरच."

त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"फोनवर कांचन बोललीती," तो एकदम म्हणाला. "बरं हाईत म्हनली. माळ्यावर हाईत म्हनली. तिला ठावं व्हतं?"

पद्मानं मान खाली घातली. मेलेल्या माणसाची चुगली करायची नाही असं तिनं ठरवलं होतं, पण धनपालनं पस्तीस वर्षं काट्यावर काढली होती. गाडीकडे बघूनच त्याला वजन कळायचं.

"किती दिवस लागलं करायला?"

"तीन."

"त्यात ती किती?"

"पहिलं दोन."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, पंच्यानं हात पुसले आणि उठला. आता मूर्ती उचलून हा गाडीत ठेवणार आणि जन्मात आपल्या दारात येणार नाही, असं पद्माला वाटलं. तो आत गेला आणि रुबिनाला म्हणाला, "लावा मशीन."

वाचनाची खोली काट्याच्या केबिनएवढीच होती, दोन खुर्च्या आणि समोर जाड काच. काचेपलीकडे आप्पा एका चकतीवर सावकाश फिरत होते आणि एक बारीक निळी रेघ त्यांच्यावरून सरकत होती. वाचन बाहेरून आत जातं, म्हणजे काळ उलटा चालतो; शेवटचं आधी येतं. पहिल्यांदा लाख आली. मग आप्पांचं नाक गेलं. गुळव्याचं नाक, तेच सगळ्यांत पुढं आलेलं होतं. मग ओठ, मग कपाळावरच्या आठ्या. पद्मानं त्या आठ्यांवर एक सबंध दुपार घालवली होती. तिनं धनपालचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

खोलीत पूर भरला. कुजका चिखल, भिजलेलं धान्य, ब्लीचिंग पावडर. तिसरा दिवस. त्यात कुणीच नव्हतं, एक घामेजलेली घाबरलेली बाई सोडून, आणि ती बाई पद्माच होती. आपल्या स्वतःच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाचा वास असा येतो हे तिला माहीत नव्हतं. धनपाल ताठ बसून होता. समोर आता आप्पा राहिले नव्हते, एक गुळगुळीत पोक काढलेला आकार तेवढा फिरत होता. बंद करू का, असं रुबिनानं बाहेरून विचारलं. त्यानं मान हलवली, नको.

मग धूर आला, ओल्या लाकडाचा, रॉकेलचा. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. आणि त्या धुराखालून एक कडवट, खरपूस वास हळूच वर आला. बाहेरून रुबिनाचा आवाज: भाजलेला तंबाखू दिसतोय.

"आप्पा तंबाखू खात न्हवते," धनपाल म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं पुन्हा वास घेतला, हळू, लांब. "मशेरी हाय ही."

पद्माला ते दोन दिवस आठवले. प्रत्येक घाण्याआधी वैनी गोठ्याच्या भिंतीआड जायची, बोटानं दात घासून, चूळ भरून, पदरानं तोंड पुसत यायची. मशेरीशिवाय तिला कुठलंच अवघड काम सुरू करता येत नसे.

"लग्नात सोडली म्हनली व्हती. ज्योतिबाम्होरं शपथ घेतलीती."

"तू कारखान्यावर गेलास की लावायची."

"रोज?"

"दोनदा."

धनपाल खुर्चीत पुढं सरकला. आणि तेवढ्यात, मशेरीच्या मागून, ती आली. खोबरेल, कढीलिंबाची पानं उकळून केलेलं, तिचं तीच करायची ते. काखेतला घाम. पिठाचे हात. हिरव्या साबणानं धुतलेलं, नीट न वाळलेलं पातळ. हे वेगवेगळे वास होते तोवर ते वास होते. मग ते एकमेकांत मिसळले आणि खोलीत तिसरं माणूस उभं राहिलं, अगदी जवळ, सुपानं वारा घालत, जरा धापा टाकत.

चार वर्षांत पद्मानं भावाला रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही तो रडला नाही. त्याचे खांदे खाली आले, एवढंच. ओझ्याची गाडी काट्यावरून उतरली की काटा जसा हलतो तसे. तो खुर्चीत मागं टेकला. मग त्यानं आपल्या शर्टाची वरची गुंडी लावली, जशी बायको टोकेल म्हणून माणूस लावतो.

"पदे," तो म्हणाला, "तू जरा भाईर थांब."

ती उठली, दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. हात चिकट लागत होते, उगाचच. पडद्यावर आकडे सरकत होते. अजून दीड दिवसाचा गूळ शिल्लक होता.

थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. धनपालचा, खालच्या पट्टीतला, कुरकुरल्यासारखा. शब्द नीट कळत नव्हते, एखादाच यायचा. शपथ. दळण. कुणाला इचारून. मध्ये तो थांबायचा, समोरच्याचं ऐकून घ्यायला लागतो तितका वेळ थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा, आधीपेक्षा चढ्या आवाजात.

रुबिना टेबलावरून उठून आली. तिनं दाराकडे बघितलं, मग पद्माकडे. काका कुणाशी बोलतायत, तिनं विचारलं, आत जाऊन बघू का?

पद्मा बाकावर सरकली आणि तिच्यासाठी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "त्यांचं भांडण लगीच मिटत न्हाई."